धाकट्यांची शिकवणी

वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहणारा माणूस बहुधा वयाने वडील असतो आणि समोर बसलेल्यांत कोणी ना कोणी विद्यार्थी असतोच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली तेव्हापासून ज्ञानाचा ओघ असा थोरांकडून धाकट्यांकडे वाहत आलेला आहे. आजच्या विषयात हा ओघ आम्हांला थोडा वेळ उलटा फिरवावयाचा आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी व्यापारी, कारखानदार आणि पेढीवाले यांना शिकवावे. आणि काय शिकवावे, तर ही नवी पिढी कसा विचार करते, कशावर पैसा खर्च करते, कोठे नोकरीस टिकते आणि कोठून निघून जाते, हे शिकवावे, असा हा विषय आहे. तो ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. "ज्यांना अजून मिसरूड फुटले नाही ते आम्हांला धंदा शिकवणार?" असे त्यांना वाटले तर नवल नाही. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, धंदा तुम्हांला कोणीच शिकवीत नाही. ज्याच्यासाठी धंदा करावयाचा तो माणूस बदलला आहे, त्याची ओळख करून घ्यावयाची आहे.

यवतमाळच्या बाजारात एखाद्या जुन्या दुकानात घटकाभर बसावे. चहा येतो, ख्यालीखुशाली होते, पाऊसपाणी आणि कापसाचा भाव होतो, आणि मग शेठजी मूळ पदावर येतात. "आजकालच्या पोट्ट्यायचं काही समजूनच नाही राह्यलं, बाप्पा!" या एका वाक्यात तीन निरनिराळी गाऱ्हाणी असतात. पहिले गाऱ्हाणे गिऱ्हाइकाचे. मुलगा दुकानात येतो, दहा शर्ट उलगडून पाहतो, खिशातून मोबाईल काढून किमती ताडून बघतो आणि काही न घेता निघून जातो. दुसरे नोकराचे. चांगला शिकलेला मुलगा कामावर ठेवला, तर तीन महिन्यांत न सांगता बंद होतो. तिसरे गाऱ्हाणे घरातले. मुलगा पुण्यास शिकावयास गेला, तेथेच नोकरीस लागला, आणि आता दिवाळीला चार दिवस येतो तोही गादीवर बसत नाही. हे तिसरे गाऱ्हाणे शेठजी सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू आवाजात सांगतात.

ही तिन्ही गाऱ्हाणी खरी आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. गिऱ्हाईक, नोकर आणि वारस या तिन्ही रूपांनी समोर येणारा तरुण कसा घडला, हे आपण त्याला कधी विचारलेले नाही.

पिढी म्हणजे काय?

पिढी हा शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून प्रथम त्याचा अर्थ पाहू. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर जर्मन भाषेत एक निबंध लिहिला, तो आजही या विषयाचा पाया समजला जातो. त्याचा मथितार्थ असा की, एका काळात जन्मल्याने लोक एका वयाचे होतात, पण एका पिढीचे होतातच असे नाही. मन घडण्याच्या वयात ज्यांच्यावर सारखेच मोठे प्रसंग गुदरतात त्यांची पिढी बनते. हे प्रसंग प्रत्येक प्रदेशाचे वेगळे असतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्र १९९७ ते २०१२ या काळात जन्मलेल्यांना 'जेन झी' म्हणते, आणि आपल्याकडील वर्तमानपत्रेही तो शब्द वापरू लागली आहेत. परंतु ती मोजपट्टी तिकडच्या लोकांनी तिकडच्या अनुभवावरून केलेली आहे. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील मुलांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही.

आपल्या जिल्ह्याची मोजपट्टी आपणच करून पाहू. आज ज्यांची सत्तरी उलटली आहे त्यांच्या तरुणपणी १९७२ चा दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षी, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना सुरू झाली. त्या पिढीला सरकार, संस्था, बाजार समिती यांचा आधार ठाऊक आहे. रांगेत उभे राहण्याचा सराव आहे. आज जे पन्नाशीच्या आगेमागे आहेत त्यांनी ऐन उमेदीत २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळालेली पाहिली. बियाण्याची पिशवी, फवारणी आणि उधारी यांचा संसार त्यांनी केला.

आता २००६ साली जन्मलेला मुलगा घ्या. त्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य तेव्हा जाहीर झाले. हा मुलगा पाळण्यात असताना गावात कर्जाचीच चर्चा होती. तो दहा वर्षांचा असताना, २०१६ च्या सप्टेंबरात, मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी जवळजवळ फुकट झाले, आणि दोनच महिन्यांनी नोटबंदी आली. तो चौदा वर्षांचा असताना, २०२० च्या मार्चात, टाळेबंदी होऊन शाळा बंद पडली आणि वर्ग मोबाईलच्या काचेवर भरू लागला. ज्याच्या घरी मोबाईल एकच होता त्याची शाळा वडील शेतातून परत आल्यावर सुरू झाली.

आता या मुलाकडे दुकानदाराच्या नजरेने पाहू. "अरे, पैसे नंतर दे, लिहून ठेवतो," असे दुकानदार त्याला म्हणतो. दुकानदाराच्या मनात हा विश्वासाचा शब्द आहे. तीन पिढ्यांचा व्यवहार या वहीवर चाललेला आहे. ज्या मुलाने घरात वहीचे नाव निघताच आईचा चेहरा उतरलेला पाहिला आहे, त्याला मात्र तो शब्द टोचतो. तो रोख नसेल तर वस्तू न घेता जातो, आणि दुकानदार म्हणतो, "यांना माणुसकीच नाही." येथे दोघेही प्रामाणिक आहेत. एकाच शब्दाचे दोघांना दोन अर्थ लागत आहेत. शिकवणी हवी ती अशा ठिकाणी.

ही गोष्ट नवी नाही

वयाने धाकट्याने थोराला शिकविणे आपल्या परंपरेला परके नाही. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास ते बसले, पण मायना कसा लिहावा हे त्यांना ठरविता येईना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते मोठे. आणि नमस्कार लिहावा, तर वयाने पोर. शेवटी त्यांनी कागद कोराच धाडला. पुढे त्याच भावंडांतील सर्वांत धाकटी मुक्ताबाई त्यांची गुरू झाली, असे परंपरा सांगते. आमच्या मते आजच्या कित्येक थोर व्यापाऱ्यांची गत चांगदेवांसारखी झाली आहे. तरुणांशी बोलावे असे त्यांना वाटते. मायना सुचत नाही, म्हणून कागद कोरा राहतो.

उद्योगाच्या क्षेत्रातले आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. माल चांगला असणे पुरत नाही, घेणाऱ्याचे मन ठाऊक असावे लागते, हा धडा त्या घराला आरंभीच मिळाला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून १९२६ साली पदवी घेऊन परत आले, आणि त्या कारखानदारीचे क्षेत्र नांगर व चरक यांच्यापलीकडे इंजिनांपर्यंत रुंदावत गेले. त्याच घराण्यातील शंकररावांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. शेतीची अवजारे करणाऱ्या घराने स्त्रियांसाठी आणि तरुणांसाठी मासिके चालवावीत, याचे प्रथम आश्चर्य वाटते. पण ज्या घरी तरुणांची पत्रे आणि लेख रोज टपालाने येतात, त्या घराला समाज कोणीकडे चालला आहे हे निराळे शोधावे लागत नाही.

परदेशात या गोष्टीला शिस्तशीर रूप आले ते १९९९ साली. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श यांनी आपल्या पाचशे वरिष्ठ अधिकाऱ्यांना आज्ञा केली की, प्रत्येकाने कंपनीतील एकेक तरुण कर्मचारी गाठावा आणि त्याच्याकडून इंटरनेट शिकून घ्यावे. साठी उलटलेले वेल्श स्वतःही शिकावयास बसले. या पद्धतीला तिकडे 'रिव्हर्स मेंटॉरिंग' असे नाव रूढ झाले. आम्ही तिला उलटी शिकवणी म्हणतो. आपल्याकडे इन्फोसिसने तिशीच्या आतील निवडक तरुणांना व्यवस्थापनाच्या बैठकीत बसविण्याची प्रथा पाडली होती. या दोन्ही ठिकाणी शिकविणारा तरुण कंपनीचा नोकर होता. तो साहेबापुढे किती मोकळे बोलणार, हा प्रश्न राहतोच. महाविद्यालयातील विद्यार्थी कोणाचा नोकर नसतो, म्हणून तो अधिक सरळ बोलू शकतो. आमचा भर विद्यार्थ्यांवर आहे तो याचसाठी.

आमचीच एक चूक

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आमचीच एक गोष्ट सांगणे बरे. आम्ही शिकविण्याचा व्यवसाय केलेला आहे, आणि वर्गात मोबाईल दिसला की आमचे पित्त खवळते. २०२५ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मागच्या बाकावरचा एक मुलगा तासभर मान खाली घालून मोबाईलवर बोटे फिरवीत होता. आम्ही तो मोबाईल काढून घेतला आणि चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. खेळ, चित्रपट, उधळेपणा, सर्व काही बोलून झाले. मुलगा गप्प उभा राहिला. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, कापसाची नोंदणी करून राह्यलो होतो. बाबाले मोबाईल जमत नाही."

त्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास 'कपास किसान' या मोबाईलवरील व्यवस्थेत नोंदणी करावयास लावली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता, आणि खाजगी बाजारात भाव त्याच्या खाली होता. म्हणजे त्या मुलाच्या बोटांच्या टोकाशी त्याच्या घरचे वर्षाचे उत्पन्न होते, आणि आम्ही त्याला उधळ्या म्हणून मोकळे झालो होतो. मोबाईल परत दिला, पण त्या दिवशी रात्री झोप आली नाही. एक प्रश्न आम्ही आधी विचारला असता, "काय करतो आहेस, बाबा?" एवढा, तर पुढचे सर्व टळले असते.

तेव्हापासून आमच्या ध्यानात आले की, या पिढीतील कित्येक मुले घरच्या कारभाऱ्याचे काम करीत आहेत. सातबारा काढणे, पिकाची ई-पीक पाहणी नोंदविणे, विम्याचा अर्ज भरणे, बँकेचा संदेश वाचून आईला समजावणे, ही कामे अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींकडे आली आहेत. ज्या दुकानदाराला वाटते की, गिऱ्हाईक म्हणजे धोतर नेसलेला बाप आणि मुलगा केवळ पिशवी उचलणारा, त्याने हे लक्षात घ्यावे. घरात काय, कोठून आणि केवढ्याला घ्यावयाचे, हे ठरविणारा बहुधा तो पिशवीवालाच असतो.

बाजारातील दोन उदाहरणे

पहिले उदाहरण कापडाचे घेऊ. आपल्या जिल्ह्यात कापूस पिकतो. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडच्या कारखान्यात डेनिमचे कापड विणले जाते. त्या कापडाच्या विजारी आपल्याच महाविद्यालयांतील मुले घालतात. सर्व काही येथलेच असताना विजार मात्र मुलगा मोबाईलवरून मागवितो आणि ती बाहेरगावच्या गोदामातून येते. शेठजी म्हणतात, तिकडे स्वस्त मिळते. मुलांना विचारावे, तर निराळी उत्तरे येण्याचा संभव फार. कपडा घालून पाहावयास आडोसा नाही. माप चुकले तर परत घेताना दुकानदाराचे तोंड वाकडे होते. मुलीला हवी ती वस्तू पुरुष नोकराजवळ मागण्याचा संकोच वाटतो. न घेता बाहेर पडले तर मागून टोमणा ऐकू येतो. यांतील एकही अडचण किमतीची नाही, आणि एकीलाही मोठे भांडवल लागत नाही. एक पडदा, एक आरसा, एक स्त्री नोकर आणि जिभेवर थोडा ताबा एवढ्याने काम भागते. हे सांगावयास मुंबईचा सल्लागार बोलावण्याचे कारण नाही. पलीकडच्या रस्त्यावरून रोज महाविद्यालयात जाणारी मुलगी ते सांगेल. मात्र तिला कोणी खुर्ची देऊन विचारले पाहिजे.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकड्यांनी माणसे रुग्णालयात गेली. ते दिवस आपण विसरलेलो नाही. औषधाच्या बाटलीवरील सूचना बारीक अक्षरांत असतात. शेतावर फवारणाऱ्या माणसाने त्या वाचाव्यात, ही अपेक्षा कागदावरच राहते. आता कृषी केंद्रात कधी कधी एखादा विद्यार्थी येतो. पानाचा फोटो मोबाईलवर दाखवितो, दोन औषधे एकत्र मिसळावीत काय असे विचारतो, हातमोजे आहेत का म्हणून विचारतो. काउंटरवर गर्दी असते. "तू मला शिकवतो का?" असे उत्तर त्याला मिळाले, तर तो पुन्हा विचारणार नाही. वास्तविक तो मुलगा त्या केंद्राचा सर्वांत चांगला मित्र आहे. त्याला दर शनिवारी अर्धा तास बोलावून गावात फवारणी कशी चालते, कोणती सूचना लोकांना कळली नाही, कोणते चित्र लावले तर कळेल, हे विचारले, तर विक्री वाढेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. एखादा जीव वाचण्याचा संभव मात्र निश्चित वाढेल. धंदेवाइकाने तरुणाचे म्हणणे ऐकणे हा कधी कधी जीवनमरणाचाही प्रश्न असतो, तो असा.

शिकवणी चालवावी कशी?

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे येऊ. सुदैवाने यासाठी नवी संस्था काढावयास नको. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले, त्याच्याशी आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये जोडलेली आहेत. यवतमाळचे अमोलकचंद, वणीचे लोकमान्य टिळक, पुसदचे फुलसिंग नाईक, अशी किती तरी नावे घेता येतील. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्प आणि कामावरील प्रशिक्षण यांना अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, तीत बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविका घेतलेल्यास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविले. या सर्व ठिकाणी तरुणाने शिकावे आणि आस्थापनेने शिकवावे, अशी वाटणी आहे. त्याच वेळात आठवड्यातून एक तास ही वाटणी उलट करावी, एवढीच आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट, प्रश्न एकच असावा. "तरुणांना काय हवे?" असा मोघम प्रश्न विचारला की मोघमच उत्तर येते. "आमच्या दुकानातून मुली रिकाम्या हाताने का परत जातात?" किंवा "आमच्या जिनिंगमध्ये कामाला लागलेला मुलगा दिवाळीपूर्वी का सोडून जातो?" असा नेमका प्रश्न घ्यावा.

दुसरी गोष्ट, विद्यार्थ्यांनी केवळ आपले मत सांगू नये. चार-पाच जणांच्या तुकडीने बाजारात, वसतिगृहात, बसस्थानकावर आणि गावी जाऊन माणसांना विचारावे, आणि विचारण्याइतकेच पाहावेही. माणूस सांगतो एक आणि करतो एक. स्थानिक दुकानातूनच घेतो असे सांगणाऱ्याच्या घरी मोबाईलवरून मागविलेली खोकी पडलेली असतात.

तिसरी गोष्ट बैठकीची. विद्यार्थी आपले म्हणणे मांडीत असताना मालकाने पहिला अर्धा तास उत्तर देऊ नये. हा नियम लहान दिसतो, पण पाळावयास सर्वांत कठीण हाच आहे. "ते आम्ही करून पाहिले", "तुम्हांला त्यातले कळत नाही", ही दोन वाक्ये बैठकीत आली की, मुले पुढे गोडगोड बोलू लागतात, आणि शिकवणी तेथेच संपते.

चौथी गोष्ट, मालकाने ऐकलेल्यांपैकी निदान एक गोष्ट महिनाभरात करून पाहावी आणि तिचे काय झाले ते मुलांना सांगावे. जे जमणार नाही ते का जमणार नाही, तेही सांगावे. भाडे किती, व्याज किती, माल पडून राहिला तर नुकसान किती, हे मुलांना ठाऊक नसते. ते कळले की, दुकानदार लुबाडतो ही त्यांची समजूतही ढिली होते. उलटी शिकवणी अशी सुलटीही होते.

पाचवी गोष्ट, मुलांचा प्रवासखर्च आणि त्यांच्या वेळाचे मोल द्यावे. झरी-जामणीहून यवतमाळला येणाऱ्या मुलीला बसचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही मोजावी लागतात. फुकट मागितलेला सल्ला फुकटच्याच किमतीने ऐकला जातो, हा व्यवहार व्यापाऱ्यांना आम्ही सांगावयास नको.

सावधगिरी

या पद्धतीचे धोकेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका असा की, जो विद्यार्थी धीट, जो इंग्रजी चांगले बोलतो, तोच पुढे येतो आणि त्याचेच मत साऱ्या पिढीचे ठरते. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. कोलाम, गोंड, बंजारा, आंध अशा समाजांतील मुले आहेत. बारावीनंतर शिक्षण सुटून कामाला लागलेली मुले आहेत. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली आहेत. महाविद्यालयाच्या दारातून आत न आलेला तरुणही तरुणच असतो. विद्यार्थ्यांच्या तुकडीने त्याच्यापर्यंत गेले पाहिजे, आणि व्यापाऱ्याने "हे कोणाचे मत?" असा प्रश्न दर वेळी विचारला पाहिजे.

दुसरा धोका खाजगीपणाचा आहे. माहिती गोळा करताना नावे, मोबाईलचे क्रमांक, घरचे कर्ज अशा गोष्टी वहीत उतरू नयेत. यासंबंधी २०२३ साली केंद्राचा कायदाही झाला आहे. कायदा नसता तरी शेजारधर्म होताच.

तिसरा धोका सर्वांत मोठा. एखाद्याचे मन ओळखणे आणि त्या ओळखीचा उपयोग करून त्याला जाळ्यात ओढणे, या दोन गोष्टींत अंतर थोडे असते. तरुणाला नवा मोबाईल हवासा वाटतो हे कळले, म्हणून त्याच्या शेतकरी बापाच्या डोक्यावर हप्त्यांचा बोजा चढविणे, हा या शिकवणीचा हेतू नव्हे. मुलांनीही हे पाहिले पाहिजे. आपल्या सांगण्याने आपल्याच मित्राचे अहित होत असेल, तर तसे सांगण्यास साफ नकार देण्याचा त्यांना अधिकार असावा, आणि हे पहिल्याच दिवशी ठरावे.

शेवटी

मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढीत होते. मग डिझेलचे आले. तिच्यावर आमचे सर्वांचे प्रेम होते. तिच्या आठवणी आम्ही सांगतो, तिची छायाचित्रे भिंतीवर लावतो. पण आम्ही प्रवास करीत होतो तो एस.टी.ने. आज ती गाडी धावत नाही. प्रेम करणे आणि तिकीट काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावातील जुन्या पेढ्या, जुनी दुकाने, जुन्या गिरण्या यांच्याविषयी तरुणांच्या मनात आदर नाही असे नाही. तिकीट ते दुसरीकडचे काढीत आहेत, आणि का काढीत आहेत हे आपण त्यांना विचारलेले नाही.

विचारण्याचे काम अवघड मुळीच नाही. या व्याख्यानमालेस आलेल्या व्यापारी बंधूंना आम्ही एवढेच सुचवितो की, या आठवड्यात एका संध्याकाळी दुकानाची फळी लावण्यापूर्वी दोन खुर्च्या मांडाव्यात. एकीवर आपण बसावे, दुसरीवर एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला बसवावे, आणि "आमचे कोठे चुकते, बाळ?" एवढे विचारून गप्प राहावे. आणि ज्यांचा मुलगा पुण्यास आहे त्यांनी हाच प्रश्न रात्री त्याला फोनवर विचारावा. चांगदेवांचा कागद कोरा राहिला, तरी तो त्यांनी धाडला होता, हे विसरू नये. कोरा कागद पोहोचला म्हणूनच उत्तर आले.